कँथारिस फुस्का ओळखताना: डाग नेमका कुठे आणि मांडी कोणत्या रंगाची

काळे पंख, डोक्यामागे केशरी-लाल ढाल आणि त्या ढालीवर एक काळा डाग. युरोपात मे-जूनमध्ये फुलांवर असा लांबट, सेंटीमीटरभर किंवा थोडा मोठा भुंगेरा दिसला की तो सोल्जर बीटल असणार, एवढे अनेकांना कळते. अडचण त्यापुढे सुरू होते. या वर्णनात दोन जाती चपखल बसतात: कँथारिस रुस्टिका आणि कँथारिस फुस्का. रुस्टिका इंग्लंड-वेल्समध्ये भरपूर दिसते, फुस्का तिथे दुर्मिळ आहे. मध्य युरोपात मात्र फुस्का ही नेहमीची जात आहे. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहून जर्मन पुस्तकातल्या चित्रावरून नाव लावले तर चूक होते, आणि जर्मनीत बसून ब्रिटिश पुस्तक वापरले तर तीच चूक उलट बाजूने होते.

या दोन जाती वेगळ्या करायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि नीट काढलेले तीन-चार फोटो पुरतात. पण दोन खुणा तपासाव्या लागतात आणि दोन्हींचे उत्तर एकच यावे लागते. एकाच खुणेवर विसंबलेली नोंद पुढे टिकत नाही.

आधी कुल पक्के करा

सोल्जर बीटल म्हणजे कँथारिडी कुलातले भुंगेरे. जगभरात त्यांच्या पाच हजारांहून अधिक जाती आहेत, ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस. काजव्यांचे हे जवळचे नातलग, पण यांच्या अंगात उजेड नाही.

पहिली खूण वरच्या पंखांची. बहुतेक भुंगेऱ्यांचे वरचे पंख टणक कवचासारखे असतात. सोल्जर बीटलचे पंख मऊ, चिवट आणि किंचित वाकणारे असतात. त्यांच्यावर बारीक लव असते आणि शिरांचे ठळक उंचवटे नसतात. उंचवटे आणि त्यांमध्ये जाळी दिसली तर तो लायसिडी कुलातला, जाळीदार पंखांचा भुंगेरा समजावा. त्याचाही रंग बऱ्याचदा लाल-काळा असतो.

दुसरी खूण डोक्याची. वरून पाहिल्यावर सोल्जर बीटलचे डोके आणि डोळे स्पष्ट दिसतात. काजव्यात डोक्यामागची ढाल पुढे येऊन डोके झाकून टाकते. या ढालीला शास्त्रात प्रोनोटम म्हणतात. मान आणि पंख यांच्यामध्ये वरच्या बाजूला दिसणारी ही चपटी चकती पुढच्या सगळ्या ओळखीचे केंद्र आहे, म्हणून तिची जागा आधीच नीट पाहून ठेवावी.

तिसरी खूण पावलांची, आणि ती सर्वांत भरवशाची. भुंगेऱ्याच्या पायात मांडी, नडगी आणि शेवटी लहान लहान पेरांचे पाऊल असते. सोल्जर बीटलच्या सहाही पावलांत पाच-पाच पेरे असतात. त्यांतले चौथे दुभंगलेले, पसरट असते आणि पाचवे त्याच्या मधून बाहेर येते. फसवणारे बहुतेक भुंगेरे इथेच गळून पडतात. लाल कार्डिनल बीटल, फुलांवरचे सडपातळ ओडेमेरा आणि ब्लिस्टर बीटल या सर्वांच्या मागच्या पावलांत चारच पेरे असतात. लाँगहॉर्न बीटलचे पाऊल वरवर चार पेरांचे भासते, त्यांतले तिसरे दुभंगलेले असते आणि पंखही कडक असतात.

ब्लिस्टर बीटलचे पंखही मऊ असतात, त्यामुळे ही चूक महाग पडू शकते. त्यांच्या रक्तात कँथारिडिन नावाचे रसायन असते आणि ते कातडीला लागले की फोड येतात. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे याच गटातले. नावातल्या साम्यामुळे कँथारिस प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे इथे जवळच्या जातींचा गट, जीनस) भुंगेऱ्यांत हे रसायन असते असे वाटू शकते, पण त्यांत ते नसते. होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारे कँथारिस नावाचे औषधही लिट्टा व्हेसिकाटोरिया या ब्लिस्टर बीटलपासून करतात, सोल्जर बीटलपासून नाही. नियम सोपा ठेवावा: मागच्या पावलाची पेरे मोजून होईपर्यंत मऊ पंखांचा कोणताही भुंगेरा उघड्या बोटांनी धरू नये, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळीत घ्यावा.

मग प्रजाती

ब्रिटनमधले जे सोल्जर बीटल सहज नजरेत भरतात, ते मुख्यतः दोन प्रजातींचे असतात: कँथारिस आणि ऱ्हागोनिका. त्यांच्यातला फरक पायांच्या नखांत आहे. ऱ्हागोनिकाच्या प्रत्येक नखाचे टोक दोन काट्यांत फाटलेले असते. कँथारिसची नखे टोकाला अशी फाटलेली नसतात. ती साधी असतात किंवा एखाद्या नखाच्या मुळाशी दात असतो. यासाठी भिंग लागतेच. भुंगेरा नळीच्या काचेवर चढू लागला की खालून पावले स्थिर दिसतात, तेव्हा पाहून घ्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये हॉगवीडच्या छत्रीसारख्या पांढऱ्या फुलांवर जोडीजोडीने दिसणारा, केशरी पंखांची टोके काळी असलेला भुंगेरा म्हणजे ऱ्हागोनिका फुल्वा. तो फुस्का नाही. पंख केशरी असतील तर हा लेख तिथेच थांबवून दुसऱ्या जातीकडे वळावे.

आणखी एक गट आहे, माल्थिनस आणि माल्थोडेस. हे चिमुकले, काही मिलिमीटरचे. यांचे वरचे पंख पोटापेक्षा आखूड असतात आणि अनेकांत पंखांच्या टोकांना पिवळा ठिपका असतो. माल्थोडेसच्या बहुतेक जाती फक्त नराच्या पोटाच्या शेवटच्या खंडांच्या आकारावरून ओळखतात. एकट्या मादीला जातीचे नाव देता येईलच असे नाही. फुस्काच्या बाबतीत ही अडचण नाही, नर आणि मादी दोघांनाही त्याच दोन खुणा लागू पडतात.

खूण एक: डागाची जागा

फुस्काच्या केशरी ढालीवरचा काळा डाग पुढच्या कडेला टेकलेला असतो. तो कडेपासून सुरू होतो आणि मागे ढालीच्या मध्याकडे येतो. रुस्टिकाचा डाग ढालीच्या मधल्या भागात असतो, काहीसा बदामाच्या आकाराचा, आणि त्याच्या पुढे, डोक्याच्या बाजूला, केशरी पट्टी स्पष्ट उरते.

म्हणजे प्रश्न एवढाच: डाग आणि ढालीची पुढची कड यांच्यामध्ये केशरी रंग आहे का? आहे, तर रुस्टिका. नाही, तर फुस्काची शक्यता.

डागाच्या आकाराला महत्त्व देऊ नये. तो दोन्ही जातींत लहानमोठा होतो. काही रुस्टिकांत डाग इतका पसरतो की पुढे फक्त अरुंद केशरी रेघ राहते. अशी रेघ धूसर फोटोत हरवते आणि दुर्मिळ फुस्का सापडल्याचा आनंद चुकीच्या नोंदीत उतरतो.

डोक्यामुळे होणारी फसवणूक वेगळी. दोन्ही जातींत डोक्याचा मागचा भाग काळा असतो. भुंगेरा घाबरला की डोके आत ओढतो. ढालीची पुढची कड पातळ असते, तिच्याखाली काळे डोके सरकले की कडेला सावली पडते किंवा खालचा काळेपणा वर जाणवतो, आणि नसलेला डाग कडेला दिसू लागतो. उपाय म्हणजे थांबणे. भुंगेरा शांत होऊन चालू लागला की मान पुढे काढतो. फोटो त्या क्षणी घ्यावा. शिवाय कॅमेरा ढालीच्या अगदी माथ्यावर हवा. मागून तिरका घेतला तर ढालीच्या पुढच्या उतारावरची केशरी पट्टी दिसतच नाही, आणि मधला डाग कडेला चिकटल्यासारखा वाटतो. फुस्का म्हणून येणाऱ्या फोटोंत सर्वांत आधी हा कोन तपासावा.

खूण दोन: मांडीचा रंग

फुस्काचे पाय पूर्ण काळे असतात, मांडीच्या मुळापासून नखांपर्यंत. रुस्टिकाच्या मांडीचा मुळाकडचा मोठा भाग लालसर-केशरी असतो, गुडघ्याकडचे टोक काळे, आणि त्याखाली नडगी व पाऊल काळे.

वरून काढलेल्या फोटोत मांडीचा मुळाकडचा भाग पोटाखाली आणि पंखांखाली दडलेला असतो. दिसते ते फक्त गुडघ्याकडचे काळे टोक, आणि पाय काळेच आहेत असा समज होतो. म्हणून वरचा एकच फोटो या जोडीसाठी कधीच पुरेसा नाही. बाजूने एक आणि शक्यतो खालून एक हवाच. खालचा फोटो काढायला भुंगेरा पारदर्शक नळीत किंवा झाकणाच्या सपाट डबीत ठेवून डबी उलटी करावी.

सावलीतली लाल मांडी कॅमेऱ्यात काळी येते. भुंगेऱ्याखाली पांढरा कागद ठेवला की उजेड वर परावर्तित होतो आणि मांड्यांचा खरा रंग उघडा पडतो. मोबाइलवर काळ्या पंखांवर बोट टेकवून प्रकाश वाढवून घ्यावा. पार्श्वभूमी भगभगीत झाली तरी चालेल. थेट फ्लॅश टाळावा, पंखांवरच्या लवेमुळे आणि ढालीच्या चकाकीमुळे डागाची कड पुसली जाते.

ज्या गोष्टी उपयोगाच्या वाटतात पण नाहीत

लांबी. फुस्का साधारण ११ ते १५ मिलिमीटर, रुस्टिका ९ ते १४. मोठी रुस्टिका आणि लहान फुस्का सहज एका मापाच्या निघतात.

मिश्यांचा रंग. दोन्हींत मिश्यांची बुडाची पेरे लालसर आणि पुढची काळी असतात. तोंडाजवळचा लालसर भागही दोघांत असतो. पोटाच्या लाल कडांवरूनही निर्णय करू नये.

महिना आणि फूल. दोन्ही जाती मे-जूनमध्येच बाहेर असतात, दोघी मावा आणि इतर मऊ किडे खातात, फुलांवरही येतात.

मोबाइलवरचे ॲप. फोटोवरून नाव सुचवणारी ॲप कुल आणि प्रजातीपर्यंत चांगली मदत करतात. पण डाग आणि कड यांच्यामधली एक मिलिमीटरहून बारीक पट्टी धूसर फोटोत नसेल, तर ती ॲपलाही दिसणार नाही. ॲपने फुस्का म्हटले तर तो तपासणीचा आरंभ समजावा. आणि ब्रिटनमध्ये तर दुर्मिळ जातीच्या नोंदीला नेहमीच्या जातीपेक्षा जास्त पुरावा मागितला जातो, तो योग्यच आहे.

आणखी काही सोबती

ढालीवर डागच नसेल आणि पंख काळे असतील, तर कँथारिस पेलुसिडा पाहावी. तिची ढाल साफ केशरी असते. कँथारिस निग्रिकान्सच्या पंखांवर करड्या लवेचा दाट थर असल्याने ते काळ्याऐवजी राखाडी भासतात. कँथारिस लिव्हिडा आकाराने फुस्काएवढी असते. तिचे पंख बहुधा पिवळसर असतात, पण काळ्या पंखांचे नमुनेही निघतात. तिची ढाल मात्र बिनडागाची, आणि पाय बरेचसे केशरी. कँथारिस ऑब्स्क्युराची ढाल मधोमध पुढून मागेपर्यंत काळी असते आणि केशरी रंग फक्त दोन्ही बाजूंच्या कडांना उरतो. हा भुंगेरा लहानही असतो. कँथारिस लॅटरॅलिस आणखी लहान, तिच्या गडद पंखांची बाहेरची कड फिकट पिवळी.

ब्रिटन आणि उत्तर युरोपात एवढी यादी जवळ ठेवली तर फुस्कासाठी पुरते. दक्षिण आणि आग्नेय युरोपात डाग असलेल्या आणखी सारख्या जाती आहेत. तिथे केवळ या दोन खुणांवरून नाव पक्के करू नये, त्या देशाची ओळख-सूची वापरावी.

नुकत्याच कोषातून बाहेर आलेल्या भुंगेऱ्याचे रंग पक्के झालेले नसतात. काळे भाग तपकिरी आणि केशरी भाग फिके पिवळे दिसतात, पंख जास्तच मऊ लागतात. असा नमुना मिळाला तर डबीत ओलसर कापसाच्या बोळ्यासोबत एखादा दिवस ठेवावा आणि रंग चढल्यावर पाहावे.

पकडणे, फोटो, सोडून देणे

कोरड्या, उबदार दिवशी कुंपणाच्या झुडपांवर, हॉथॉर्नच्या फुलोऱ्यावर, नेटलच्या पानांवर आणि उंच गवतात शोधावे. फांदीखाली पांढरे कापड किंवा उलटी छत्री धरून फांदीला काठीने एक-दोन झटके दिले की भुंगेरे खाली पडतात. ते चटकन उडतात, म्हणून नळी हातात तयार हवी. एका नळीत एकच भुंगेरा ठेवावा, कारण हे शिकारी आहेत आणि कोंडल्यावर एकमेकांना इजा करतात. नळीत टिश्यू पेपरचा तुकडा घालावा, म्हणजे त्यांना पाय रोवायला जागा मिळते आणि वाफ साचत नाही. वाफ साचली की लव अंगाला चिकटते आणि पंख ओले, चकचकीत दिसतात.

नळी फ्रीजच्या साध्या कप्प्यात पाच ते दहा मिनिटे ठेवली की भुंगेरा मंद होतो. फ्रीझरमध्ये ठेवू नये. मग पांढऱ्या कागदावर, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो घ्यावेत: ढालीच्या माथ्यावरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, खालून एक, आणि जमल्यास पावलाचा जवळून एक. अंगात ऊब येताच तो हालचाल करू लागतो, त्यामुळे हाताशी एक-दोन मिनिटेच असतात. आधी बाजूचा फोटो उरकावा, कारण तोच नंतर हुकतो. काम झाल्यावर जिथून घेतला त्याच झुडपावर सोडावा.

या जोडीसाठी भुंगेरा मारायची गरज नाही. अभ्यासासाठी ठेवायचाच असेल तर हे लक्षात असावे की मऊ अंगाचे हे भुंगेरे वाळताना आक्रसतात आणि पोट मुरडते, शिवाय टाचणी अंगातून गेली की ढाल फाटू शकते. म्हणून ते लहान पुठ्ठ्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवतात. अल्कोहोलमध्ये फार काळ ठेवले तर लाल-केशरी रंग उतरतो आणि मांडीची खूण वाचता येत नाही, त्यामुळे रंगीत फोटो आधीच काढून ठेवावेत.

हिवाळ्यातली अळी

फुस्काचे बाकीचे आयुष्य मातीत जाते. मादी उन्हाळ्यात जमिनीत अंडी घालते. अळी गडद रंगाची, मखमली लवेची असते आणि पालापाचोळ्यात लहान किडे व गोगलगायी खाते. हिवाळा ती अळीच्याच रूपात काढते. थंडी जरा ओसरली की अशा अळ्या बर्फावर चालताना दिसतात. जर्मन भाषिक प्रदेशात त्यांना बर्फातले किडे म्हणतात. वसंतात त्या कोषात जातात. बर्फावरची अळी पाहून कुलाची ओळख बऱ्यापैकी होते, पण फुस्काचे नाव लगेच लावू नये. इतर सोल्जर बीटलच्या अळ्याही अशाच मखमली असतात आणि डाग-मांडीच्या खुणा त्यांना लागू पडत नाहीत.

नोंद कशी लिहावी

नोंदीत जातीचे नाव, नेमकी जागा, तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव हे चार भाग हवेतच. ब्रिटनमध्ये आय-रेकॉर्ड या संकेतस्थळावर नोंद टाकता येते, जगात कुठेही आय-नॅचरलिस्टवर. फुस्काच्या नोंदीसोबत शेरा असा असावा: ‘डाग पुढच्या कडेला टेकलेला, मधे केशरी पट्टी नाही, सहाही मांड्या मुळापासून काळ्या, खालून पाहिले.’ तपासणाऱ्याला हे एक वाक्य पाच जास्तीच्या फोटोंपेक्षा उपयोगी पडते, कारण काय पाहिले आणि काय पाहिले नाही ते त्यातून कळते. मांडी पाहिली नसेल तर ‘कँथारिस, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. खुणा एकमेकींशी जुळत नसतील, म्हणजे डाग कडेला वाटतो पण मांडी लाल आहे, तर पुन्हा फोटो घ्यावा. बहुतेक वेळा चूक कोनाची असते आणि भुंगेरा रुस्टिका निघतो.

सह्याद्रीत पाहणाऱ्यांसाठी

कँथारिस फुस्का महाराष्ट्रात नाही. पण कँथारिडी कुलातले इतर भुंगेरे भारतात आहेत, आणि या लेखातला पहिला टप्पा इथे जसाच्या तसा चालतो: मऊ, बिनशिरांचे पंख, उघडे डोके, सहाही पावलांत पाच पेरे. इक्थ्युरस ही प्रजाती तर लगेच नजरेत भरते. तिचे वरचे पंख आखूड असतात, मागचे पंख उघडे दिसतात आणि पोटाचे टोक दोन फाट्यांत विभागलेले असते. मात्र युरोपातल्या डाग आणि मांडीच्या खुणा इथल्या भुंगेऱ्यांना लावू नयेत. त्या एका जोडीपुरत्या ठरवलेल्या आहेत. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आय-नॅचरलिस्टवर नोंद टाकताना कँथारिडी एवढे कुलाचे नाव द्यावे आणि वरून, बाजूने, खालून व पावलाचा असे तेच चार प्रकारचे फोटो जोडावेत. नमुना गोळा करायचा विचार असेल तर अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वनखात्याची परवानगी आधी लागते. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. तिथल्यासारख्या संग्रहात नमुना तपासायला न्यायचा असेल, तर जागा, तारीख आणि कोणत्या झाडावर मिळाला हे लिहिलेली चिठ्ठी त्याच डबीत ठेवावी, पेन्सिलने लिहिलेली, कारण अल्कोहोलमध्ये बॉलपेनची शाई पसरते.